ग्नूप्लॉटचा बाण नक्की कुणाकडे बोट दाखवतो?

आलेखावर बाण काढणं म्हणजे शेवटची सजावट, असं मला बरेच दिवस वाटायचं. एका ग्रुप मीटिंगमध्ये तो समज उतरला. झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा एक्सआरडी आलेख होता आणि ‘फिल्म सी-अक्षाच्या दिशेने वाढलीय’ असं मी सांगत होते. पुरावा म्हणून ३४.४ अंशांच्या (००२) शिखरावर बाण. गाइड म्हणाले, "मग बाण (१००)वर कशाला?"

खरंच तिथे होता! आदल्या रात्री मी एक्स-अक्ष २०–८० ऐवजी २०–७० केला होता आणि स्क्रिप्ट न बघता पुन्हा चालवली होती. बाणाची जागा मी ‘ग्राफ ०.२४’ अशी दिली होती, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या २४ टक्क्यांवर. आधी तिथे ३४.४ अंश येत होते, आता ३२ आले. (१००)चं शिखर ३१.८ला, अगदी शेजारी. करा हिशेब.

चूक माझीच. पण ‘सेट ॲरो’ या कमांडवर माझी तक्रार आहेच. फर्स्ट, सेकंड, ग्राफ, स्क्रीन, कॅरेक्टर असे जागा सांगायचे इतके प्रकार, आणि एक्सला ‘ग्राफ’ लिहून वायला काहीच लिहिलं नाही तर वायसुद्धा गुपचूप ‘ग्राफ’ होतो. एरर नाही, सूचना नाही. ‘आरटीओ’चंही तसंच (हसू नका, सापेक्ष टोक देण्याचा शब्दच तो आहे). साध्या अक्षावर तो बेरीज करतो, लॉग अक्षावर गुणाकार. १० पासून ‘आरटीओ ५’ म्हणजे १५ नव्हे, ५०. लॉगच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला कोण सांगणार?

तरीही स्लाइडवर माउसने बाण ओढण्यापेक्षा मी हेच वापरते. माउसचा बाण कुठे आणि का ठेवला, याची नोंद कुठेच राहत नाही. इथे एक ओळ वाचली की कळतं. आता मी असं लिहिते:

सेट ॲरो १ फ्रॉम फर्स्ट ३४.४, ग्राफ ०.९५ टू फर्स्ट ३४.४, ग्राफ ०.८ फ्रंट

एक्स डेटाला बांधलेला, वाय चौकटीला. अक्ष कितीही बदला, बाण ३४.४वरच राहतो. उंची मात्र शिखर बघून ठरवा. शेवटचा ‘फ्रंट’ विसरलात तर बाण रेषेच्या मागे जातो.

ही ओळ ‘प्लॉट’च्या आधी हवी. आणि एकाच स्क्रिप्टमध्ये दुसरा आलेख काढणार असाल तर मध्ये ‘अनसेट ॲरो’ टाका, नाहीतर झिंक ऑक्साइडचा बाण पुढच्या सॅम्पलवरही बसलेला दिसेल. माझ्या मागच्या प्रोग्रेस रिपोर्टच्या चौथ्या आकृतीत तो अजून आहे.