‘स्वदेस’मधला दिवा आणि भिवपुरीचं पाणी

ऊर्जास्वावलंबी गाव हा विषय निघाला, की सभेत कुणीतरी ‘स्वदेस’चं नाव काढतंच. काढायलाही हवं. आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा 2004 साली आला. गावातली वीज हा विषय हिंदी पडद्यावर इतक्या मनापासून क्वचितच आलाय. पण सिनेमा आवडणं वेगळं, आणि त्याला गावाच्या विजेचा आराखडा समजणं वेगळं. आज बोलायचंय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नासातला मोहन भार्गव चरणपूरला येतो. गावात वीज बेभरवशाची. मग तो गावकऱ्यांना हाताशी धरतो, स्वतःच्या पैशानं सामान आणतो आणि जवळच्या पाण्यावर छोटं जनित्र बसवतो. दिवा लागतो, म्हातारीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तो प्रसंग बघताना डोळे ओले होतात, आणि त्यात काही खोटं नाही.

पण ते पाणी कुणाचं? जनित्र कुणाच्या नावावर? उद्या बेअरिंग गेलं, तर पैसे कोण भरणार आणि पान्हा कोण धरणार? सिनेमा या प्रश्नांपाशी थांबत नाही. बरं, त्याला हे कळत नाही असंही नाही. हरिदासचा प्रसंग आठवा. विणकामात पोट भरेना म्हणून तो शेतीकडे वळला. जातीचा धंदा सोडला म्हणून गावानं त्याला वाळीत टाकलं आणि शेताला पाणी दिलं नाही. म्हणजे पाणी ही हक्काची आणि सत्तेची गोष्ट आहे, हे दिग्दर्शकानं स्वतःच दाखवलंय. टर्बाइन आल्यावर मात्र तेच पाणी एकदम सगळ्या गावाचं होऊन जातं. माझा आक्षेप आहे तो इथं.

आता हा सिनेमा जरा आपल्या कर्जत-खालापुरात आणून बघू. इथं पाणी आहे, डोंगराचा उतार आहे, जनित्रं आहेत, इंजिनियरही आहेत, आणि तेही शंभर वर्षांपासून. खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 साली. दोन्ही टाटांची. घाटमाथ्यावर वळवण, शिरवता, ठोकरवाडी इथं पावसाचं पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून खाली सोडायचं, आणि तयार झालेली वीज तारेनं मुंबईला न्यायची. सुरुवातीला ती मुख्यतः गिरण्यांसाठी होती. सिनेमाच्या हिशेबानं हे दोन तालुके देशात सगळ्यांत आधी स्वावलंबी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात इथल्या कातकरी-ठाकरांच्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रॉकेलच्या चिमणीवर रात्री काढल्या. वीज आपल्याकडे तयार होणं आणि वीज आपली असणं, यात एवढं अंतर आहे.

खालच्या शेतकऱ्याला काहीच मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. जनित्रातून सुटलेलं पाणी खोपोलीला पाताळगंगेत जातं, भिवपुरीला उल्हासच्या खोऱ्यात. राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतचा शेतकरी उन्हाळी भात घेतो. पण वीजघर बंद राहिलं, की त्याचे डोळे कोरड्या पाटाकडे लागतात. ते कधी चालवायचं, हे त्याच्या हातात नसतं.

या सिनेमामागे एक खरी गोष्ट सांगितली जाते, ती आपल्या महाराष्ट्रातलीच. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगाव इथं 2003 साली आदिवासींनी श्रमदान करून, रवी कुचिमंची आणि इतर कार्यकर्त्यांच्या साथीनं, 15 किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. सरदार सरोवराच्या छायेतलं हे नर्मदेचं खोरं. 2006 च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्यानं तो प्रकल्प गिळला. सिनेमातला दिवा अजून जळतोय. ज्यावरून तो सुचला तो तीन-साडेतीन वर्षांत विझला. लोकांची जिद्द कमी पडली म्हणून तो विझला नाही. नदीवर त्यांची सत्ता नव्हती.

कुणी म्हणेल, सिनेमा म्हणजे काय सरकारी धोरण आहे का? नाही. पण आपण त्याच्यातून धोरण शिकतो. एक हुशार माणूस बाहेरून येईल, यंत्र बसवेल आणि काम होईल, ही सवय तिथनंच लागते. आणि आज ती महागात पडेल. 2023 साली राज्य सरकारनं टाटा पॉवरशी भिवपुरीत 1000 मेगावॉटच्या आणि टोरंट पॉवरशी कर्जतमध्ये 3000 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचे सामंजस्य करार केले. उदंचन म्हणजे काय, तर विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. चढवायला लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते. म्हणजे ही वीज साठवण्याची सोय आहे. देशाला तिची गरज आहे, हे मान्य. पण डोंगर आपला, उतार आपला, पाणी इथनं जाणार, तर वाड्यांचा वाटा किती, हे करारातच लिहून घ्यायला नको का?

मग सौर पॅनेल बसवून मोकळं व्हावं? 2024 साली साताऱ्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. तिथून शिकण्यासारखं आहे: पॅनेल ज्याच्या छपरावर, बिल त्याचं कमी. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दर्शन देत नाही, आणि ओढे वाहतात ते नेमके तेव्हाच. इथल्या गावाला ऊन लागेल, पाणी लागेल आणि महावितरणची तारही लागेल. स्वावलंबन म्हणजे तार तोडणं नव्हे. त्या तारेतून काय जातं, काय येतं आणि कुठल्या दरानं, हे ठरवताना ग्रामसभेला विचारलं जाणं, हे स्वावलंबन.

‘स्वदेस’ पुन्हा जरूर बघा. फक्त दिवा लागला की उठू नका. हरिदासच्या शेतात पाणी पोचलं का, तेवढं विचारा. माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ या.