‘प्राप्त’, ‘भग्न’ आणि ‘परत’ : संग्रहालयाच्या पट्टीवरील भाषेविषयी

२०२५ च्या फेब्रुवारीत नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात शिवकालीन शस्त्रांचे प्रदर्शन भरले आणि लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे नागपूरकरांस पाहावयास मिळाली. १८६३ साली स्थापन झालेल्या आणि अद्यापि ‘अजबबंगला’ याच नावाने लोकांच्या तोंडी असलेल्या या वास्तूचा पुष्कळांना विसर पडला होता. प्रदर्शनाने तो दूर केला, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. त्या काळात वाघनखांसंबंधी बोलताना बहुतेकांच्या तोंडी एकच क्रियापद होते : ती ‘परत आली’. वस्तुतः ती तीन वर्षांच्या मुदतीने उसनी आणलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रघूजी भोसले (पहिले) यांची तलवार मुंबईस पोहोचली, तेव्हाही आपण ती ‘परत आली’ असेच म्हटले. ही तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिलमध्ये लंडनच्या एका लिलावात मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांस विकत घेतली होती. यापूर्वी २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तमिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून चोरलेली नटराजमूर्ती भारताच्या स्वाधीन केली. तीही परत आली. आणि या तिहींत तीच खऱ्या अर्थाने परत आली.

उसने घेणे, विकत घेणे आणि चोरीचा माल मालकाला मिळणे या तीन व्यवहारांना एकच क्रियापद लावले, की प्रेक्षकाला काय शिकविले जाते? एवढेच, की वस्तू पूर्वी बाहेर होती व आता आत आहे. ती बाहेर कशी गेली, कोणी नेली, जाताना मागे काय नष्ट झाले, हे प्रश्न त्या क्रियापदाच्या पोटात गडप होतात. लुटीच्या पुराणवस्तूंमुळे होणारी हानी प्रेक्षकांना समजावून सांगावी, असा आग्रह अलीकडे संग्रहालयशास्त्राचे अभ्यासक धरतात. त्यासाठी व्याख्याने, माहितीपट, शालेय सहली असे उपाय सुचविले जातात. मला त्यांचे वावडे नाही. परंतु प्रेक्षकाला शिकविणारी पहिली व बहुधा शेवटची गोष्ट म्हणजे वस्तूखालची चार ओळींची पट्टी होय, आणि तिच्या भाषेकडे कोणी पाहात नाही.

आपल्याकडील पट्टीची रचना ठराविक असते : मूर्तीचे नाव, माध्यम, शतक, प्राप्तिस्थान. तिच्यावरील शब्दसंपत्तीकडे पाहिले असता तीत क्त-प्रत्ययान्त संस्कृत रूपांची गर्दी आढळते : प्राप्त, उपलब्ध, संगृहीत, खंडित, भग्न. या रूपांचा गुण असा, की त्यांना कर्त्याची गरज पडत नाही. मराठीत ‘मूर्ती फुटली’ आणि ‘मूर्ती फोडली’ यांत जो भेद आहे तो शाळकरी मुलासही कळतो. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे या जोड्या आपल्या भाषेने त्यासाठीच राखल्या आहेत. ‘भग्न’ म्हटले की तो भेद पुसला जातो. शिर नसलेली मूर्ती काळाने भंगली, आक्रमणात भंगली, की शिर तेवढे बाजारात विकावे म्हणून कोणी करवतीने कापून नेले, याचे उत्तर ‘भग्न’ देत नाही. प्रेक्षक ते आपल्या पूर्वग्रहानुसार भरून काढतो. एका संग्रहालयात अशाच एका मूर्तीपुढे आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हिचं डोकं कुठं आहे?” पट्टीवर शतक होते, दगडाची जात होती. मलाही उत्तर देता आले नाही.

परदेशी संग्रहालये या बाबतीत अधिक प्रामाणिक आहेत असे मात्र कोणी समजू नये. वाघनखांच्या पेटीवरील इंग्रजी लेखानुसार ती जेम्स ग्रँट डफ याला, तो साताऱ्यास रेसिडेंट असताना, पेशव्यांच्या प्रधानाने ‘दिली’. १८१८ नंतर हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या सत्तेच्या अधिकाऱ्यास दिलेल्या वस्तूला ‘देणे’ हे क्रियापद कितपत लागू पडते, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. तथापि शिवाजी महाराजांनी अफझलखानावर वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, हे त्या संग्रहालयाने उघड सांगितले. आपल्याकडे पुष्कळांना हे वाक्य अपमानास्पद वाटले. मला ते या प्रकरणातील सर्वांत चांगले वाक्य वाटते.

नागपूरपुरते बोलावयाचे तर येथे उदाहरणांची वाण नाही. रघूजींच्या तलवारीवर त्यांचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब देवनागरीत कोरलेला आहे, पाते युरोपीय घडणीचे आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी, असा तर्क केला जातो. तर्कच, तो पट्टीवर तर्क म्हणूनच यावा. १८५४ साली राज्य खालसा झाल्यावर मात्र तर्काचे कारण उरले नाही. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल मातीमोलाने विकले गेले व जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठविण्यात आले. तो सगळा व्यवहार कागदोपत्री ‘विक्री’ होता. ‘लूट’ हा शब्द इंग्रजीने आपल्याच देशातून उचलला, पण आपल्या दफ्तरात तो क्वचितच लिहिला.

परंतु सगळा दोष साहेबाच्या माथी मारून प्रेक्षकाला घरी पाठविणे म्हणजे त्याला काहीच न शिकविणे. कारण हानी केवळ मालकीची नसते. महुरझरी येथील महापाषाणीय शिळावर्तुळांच्या उत्खननात घोड्याच्या सांगाड्यासोबत तांब्याची आभूषणे मिळाली. ती घोड्याच्या मस्तकावरची होत हे आपण सांगू शकतो, कारण ती जागच्या जागी सापडली. तीच चोरट्याने उकरून काढली असती तर तांब्याचे काही पत्रे, एवढेच त्यांचे वर्णन उरले असते. पवनी येथील १९६९–७० च्या उत्खननाने स्तूपाचा अर्थ लावता आला तोही थरांच्या आधारे. पत्रे चोरांकडून परत मिळतील. थर मिळत नाहीत.

लेख असलेल्या वस्तूची गोष्ट थोडी निराळी. प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट ‘पुणे ताम्रपट’ या नावाने प्रसिद्ध आहे, कारण तो पुण्यास विद्वानांच्या हाती आला. तो दिला गेला नन्दिवर्धनाहून, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून. तो मूळचा विदर्भाचा हे आपणास कळले, कारण ताम्रपटाला वाचा असते. मूर्तीला ती नसते. मूक वस्तूचे प्राप्तिस्थान हरवले, की तिचे वाक्यच हरवते. शब्द तेवढा उरतो.

आता ज्या शब्दाचा उल्लेख पट्टीवर कधीच नसतो त्याकडे वळतो. विदर्भातल्या खेड्यातून येणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात जुन्या वस्तूसाठी ‘पुराणवस्तू’ हा शब्द नसतो, ‘गुप्तधन’ असतो. जुन्या देवळाचा गाभारा, गढीची भिंत, शेतातले शिळावर्तुळ यांखाली हंडा आहे, या समजुतीने रात्री खणणारी माणसे परदेशी दलाल नसतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली, यावरून या समजुतीचे बळ ध्यानी यावे. १८७८ चा कायदा जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देण्यास सांगतो. मराठीत त्याचे नाव ‘निखात निधि’. कोणत्या शेतकऱ्याला या नावाचा बोध होईल? १९७२ च्या कायद्याचीही तीच स्थिती. हमलापुरी येथे सापडलेल्या वाकाटककालीन बुद्धमूर्ती मध्यवर्ती संग्रहालयात सुखरूप पोहोचल्या. अशा मूर्तीच्या पट्टीवर ‘प्राप्त’ न लिहिता ‘हे गुप्तधन नव्हे, जमिनीत सापडल्यावर ते कळविण्यात आले, म्हणून आपण आज पाहात आहात’ असे का लिहू नये?

यावर आक्षेप येतील. पट्टी लहान असते, हा पहिला. शतक व दगडाची जात यांना जागा मिळते, तर एका सकर्मक क्रियापदालाही मिळेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : उगम सांगावयाचा तर संग्रहालयाला आपल्याच वहीतील रिकाम्या रकान्यांची कबुली द्यावी लागेल. तशी ती द्यावी, असे माझे मत आहे. श्रीपुरंतानची मूर्ती २००८ साली ५० लाख डॉलरला घेतली गेली तेव्हा तिच्यासोबत आलेल्या कागदपत्रांत एकही रकाना रिकामा नव्हता. ती भारतीय कायद्यापूर्वीच देशाबाहेर गेली होती असे त्यांत दाखविले होते. ते बनावट होते. खरे उत्तर पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील जुन्या छायाचित्रांत होते.

आमच्या विद्यार्थ्यांना मी एक स्वाध्याय देतो : पाहिलेल्या कोणत्याही पाच पट्ट्या घ्याव्यात, प्रत्येकीतील क्त-प्रत्ययान्त रूप काढून टाकावे आणि तेथे कर्त्यासह पूर्ण क्रियापद लिहावे, कर्ता ठाऊक नसेल तर ‘कोणी आणली ते माहीत नाही’ असे लिहावे. बहुतेक वह्यांत हे शेवटचे वाक्यच अधिक वेळा येते.