सूत्रातली हरवलेली उंची

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरले की अनुदान मागणाऱ्या शिक्षकांचे मोर्चे ठरलेले. पैसा किती आणि कधी मिळणार, याची चर्चा होते. तो कोणत्या सूत्राने वाटला जातो, इकडे फारसे कोणी पाहत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १२ पाहा. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या. त्यापोटी शासन शाळेला भरपाई देते. शासनाचा दर मुलामागील खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेवढी. महाराष्ट्राने हा दर १७,६७० रुपये ठरवला होता; करोनाच्या २०२०-२१ या वर्षासाठी तो ८,००० वर आणला.

दर मुलामागील खर्च म्हणजे एकूण आवर्ती खर्च भागिले पटसंख्या, निव्वळ सरासरी. सरासरीत मुलामुलांतला फरक पुसला जातो, आणि इथे तर त्या फरकासाठीच तरतूद हवी होती. तळमजल्यावरील आणि चौथ्या मजल्यावरील टाकीत तेवढेच पाणी चढवायला सारखी ऊर्जा लागत नाही, हे आपण नववीत शिकवतो. ज्याच्या घरात आजवर कोणी शाळेत गेले नाही, असे मूल इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत बसते तेव्हा त्याला जादा वेळ देणारा शिक्षक लागतो. सूत्रात या उंचीला जागाच नाही. 'जे कमी असेल ते' या शब्दांनी तर सरासरी हीच कमाल मर्यादा होऊन बसते. मूल बाकावर बसले की हिशेब पुरा. ते शिकले का, हे कोणी विचारत नाही.

मग निकाल पाहून पैसे द्यावेत का? हा प्रयोग जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान बरेचसे मुलांच्या परीक्षेवर ठरे. शिक्षक घोकंपट्टीला लागले, याचे नवल नाही. आपल्याकडेही ती पद्धत आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी ती गरीब, अशिक्षित समाजाच्या शिक्षणाला अयोग्य ठरवली. अशा लोकांत स्वतःच्या जोरावर शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही. तिथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजनच हवे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते अनुदानाच्या अर्थशास्त्रावर मराठी माणसाने केलेली ही सर्वांत नेमकी टीका आहे.

त्याच इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब मुलांच्या संख्येनुसार शाळेला नेहमीच्या निधीवर जादा रक्कम मिळते, आणि ती कशी खर्च केली हे शाळेला जाहीर करावे लागते. त्याने गरीब व सधन मुलांतले अंतर मिटलेले नाही. निदान सूत्रात उंची आली.

आपण काय केले? ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना या २५ टक्क्यांतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. जागा वाचल्या. त्या जागांवर बसलेल्या मुलांसाठी जादा दर किती आणि तो कशासाठी, याचा रकाना सूत्रात अजून घालायचा आहे.