नाव बदलतं, स्पर्धा तीच

जालन्यात उभं राहून गोल्फवर बोलायचं म्हटल्यावर तुम्ही हसणारच. आपल्याकडे सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीच्या बागा. गोल्फ आपण पाहिला असेल तर टीव्हीवर, तोही चॅनेल बदलता बदलता. तरी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. प्रायोजक खेळात नेमकं काय विकत घेतो, ते क्रिकेटच्या गर्दीत लपून जातं. गोल्फमध्ये गर्दीच नसते, त्यामुळे ते उघडं दिसतं.

इंडियन ओपन घ्या. १९६४ साली ही स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसननं ती जिंकली. पुढे ती विल्स इंडियन ओपन झाली, मग रॉयल चॅलेंज, मग हीरो होंडा, आणि होंडाशी काडीमोड झाल्यावर नुसती हीरो. म्हणजे सिगारेट, दारू, मोटारसायकल. हा क्रम योगायोगाचा नाही. सिगारेट आणि दारू यांना सरळ जाहिरातीची वाट अडलेली होती. स्पर्धेच्या नावात शिरलं की वर्तमानपत्राला ते नाव बातमी म्हणून छापावंच लागायचं. २००१ मध्ये आयटीसीनं खेळांचं प्रायोजकत्व सोडलं, २००३ मध्ये तंबाखूविरोधी कायदा आला, आणि विल्स हे नाव मैदानावरून गेलं.

आता मोटारसायकलचं बघा. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या शोरूममधून गाडी काढणारा शेतकरी गोल्फ बघून गाडी घेत नाही. मग कंपनी पैसे का ओतते? २०१४ मध्ये याच कंपनीनं टायगर वूड्सशी करार केला, त्याच्या स्पर्धेलाही आपलं नाव दिलं. आमचा अंदाज असा की हा खर्च गिऱ्हाइकासाठी नव्हताच. होंडाचं नाव सुटल्यावर परदेशात आपलं स्वतःचं नाव माहीत करून द्यायचं होतं. शिवाय गोल्फमध्ये ‘प्रो-अॅम’ नावाचा प्रकार असतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रायोजकाचे पाहुणे व्यावसायिक खेळाडूबरोबर खेळतात. बँकवाले, वितरक, मोठे अधिकारी, सगळे चार-पाच तास एकत्र चालतात. खरा सौदा तिथं होतो. स्पर्धा म्हणजे त्या जेवणावळीतलं लोणचं.

आम्ही प्रायोजकाच्या विरुद्ध आहोत असं समजू नका. गोल्फमध्ये पहिल्या दोन दिवसांनंतर गाळणी लागते. जे गळतात त्यांना बहुतेक ठिकाणी बक्षिसातला रुपयाही मिळत नाही, प्रवास-मुक्काम मात्र पदरचा. प्रायोजक गेला की असाच माणूस आधी घरी बसतो. १९९१ मध्ये अली शेर ही स्पर्धा जिंकला. दिल्लीच्या क्लबात दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा कॅडी! ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. बक्षिसाच्या पैशाशिवाय त्याच्यासारख्यानं खेळत राहायचं कसं? आमची तक्रार वेगळी आहे. नाव विकताना संघटना स्वतःजवळ काय ठेवतात? विल्स आठवणारे पुष्कळ भेटतात, अली शेर आठवणारा आम्हाला क्वचितच भेटला.

आपल्या कुस्तीत काय होतं? डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी याच गावात झाली, बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला हरवलं. त्याला मिळालेली गदा मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते. तेही एका अर्थी प्रायोजकत्वच की! पण ते नाव वर्षानुवर्षं टिकलं, आणि मल्लाच्या नावाला त्यानं झाकलं नाही. २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे जिंकला, तेव्हा मात्र चर्चा थार गाडीची जास्त झाली. पैलवानाला गाडी मिळाली याचा आनंदच आहे. डाव कोणता टाकला, हे विचारणारं कोणी उरलं नाही, ते खटकतं.

आणि विजय झोल? आपल्या जालन्याचा पोरगा. २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१, २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार. आयपीएलमध्ये त्याच्या अंगावर जर्सी आली ती रॉयल चॅलेंजर्सची. म्हणजे जे दारूचं नाव एकेकाळी गोल्फच्या फलकावर होतं, तेच अक्षरं थोडी वाढवून आपल्या घरात आलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, खोटं कशाला बोलायचं?

घाणेवाडी तलावातला गाळ काढायला या गावानं वर्गणी काढली, तेव्हा तलावाचं नाव कुणी बदलून मागितलं नाही. तलाव आजही घाणेवाडीचाच आहे. तुमच्यापैकी बरेच जण त्या वर्गणीत असतील. प्रश्नोत्तरांत त्याबद्दल तुम्हीच बोला, आम्हाला ऐकायचं आहे.