अनुदान तीन वर्षांचे, सुधारणा पाच वर्षांची

शाळा सुधारण्यासाठी सरकारने पैसा द्यावा आणि तो संशोधनाने तपासलेल्या पद्धतींवरच खर्च व्हावा, या म्हणण्याला सहसा कोणी विरोध करणार नाही. आमचाही विरोध नाही. तरीही हे धोरण अमेरिकेत ज्या रीतीने राबवले गेले ते नीट तपासले, तर शिक्षकांनी सावध व्हावे असे बरेच काही त्यात सापडते.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरपूर फी घेणारी खाजगी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करांच्या पैशांतून चालणारी मोफत शाळा. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेसारखी. तिचा बहुतेक खर्च राज्य आणि स्थानिक प्रशासन करते. केंद्र सरकारचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्यामुळे केंद्राला शाळांत काही बदल घडवायचा असेल, तर अनुदान देणे आणि त्याला अटी जोडणे हाच त्याचा मुख्य मार्ग असतो.

असा एक मोठा प्रयत्न १९९७ साली झाला. डेव्हिड ओबी आणि जॉन पोर्टर या दोन परस्परविरोधी पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी मिळून ‘सर्वंकष शाळा सुधारणा’ नावाची योजना मंजूर करून घेतली. पहिल्या वर्षाची तरतूद सुमारे १५ कोटी डॉलरची होती. शाळेने संशोधनाचा आधार असलेला सुधारणेचा एखादा नमुना निवडायचा आणि तो संपूर्ण शाळेत राबवायचा. त्यासाठी तिला वर्षाला किमान ५०,००० डॉलर, जास्तीत जास्त तीन वर्षे, मिळत. उदाहरणादाखल १७ नमुन्यांची नावेही देण्यात आली होती.

पण या नमुन्यांमागे संशोधनाचा आधार कितपत होता? १९९९ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने अशा २४ नमुन्यांची छाननी केली. मुलांची प्रगती होते याचा भक्कम पुरावा त्यांपैकी फक्त तीन नमुन्यांबाबत मिळाला. म्हणजे ‘संशोधनाधारित’ हा शिक्का आधी मारला गेला आणि तपासणी मागाहून झाली. प्रयोगशाळेत असे कोणी केले तर आपण त्याला हसू. सरकारी योजनेत मात्र ते खपून जाते, कारण दरम्यान पैसा वाटून झालेला असतो.

पुढे २००३ साली जेफ्री बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ नमुन्यांवरील २३२ अभ्यास एकत्र करून त्यांचे विश्लेषण केले. सरासरी परिणाम चांगला पण लहान होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ज्या शाळांनी एखादा नमुना पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालवला, तिथे परिणाम लक्षणीयरीत्या वाढलेला दिसला. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा : अनुदान तीन वर्षांचे, आणि ठळक सुधारणा दिसते पाचव्या वर्षानंतर!

इथे शास्त्रीय सावधगिरी हवी. पाच वर्षे टिकलेल्या शाळा कदाचित मुळातच अधिक उत्साही असतील. जिथे नमुना जमला नाही, त्या शाळांनी तो आधीच सोडून दिला असेल. त्यामुळे ‘पाच वर्षे चालवले की सुधारणा होतेच’ असे म्हणता येणार नाही. पण तीन वर्षे पुरतात असे मानायला तर काहीच आधार नव्हता. संशोधनाच्या नावाने चालणाऱ्या योजनेने निदान आपला कालावधी तरी संशोधन पाहून ठरवायला हवा होता. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना तीन वर्षांच्या अनुदानाचा अनुभव असतो. पहिले वर्ष उपकरणे आणि माणसे जमवण्यात जाते, आणि तिसरे अहवाल लिहिण्यात व पुढच्या अनुदानाचा अर्ज करण्यात. प्रत्यक्ष काम होते ते मधल्या वर्षात. शाळेत तर मुले दर वर्षी पुढच्या वर्गात जातात आणि शिक्षकांच्या बदल्या होतात. तिथे हा हिशेब आणखीच तुटपुंजा ठरतो.

या योजनेचा निधी २००७ च्या सुमारास आटला. पण चूक सुधारली गेली नाही. ती मोठी झाली. २००९ साली, आर्थिक मंदीच्या काळात, ‘शाळा सुधारणा अनुदान’ या योजनेत एकदम ३०० कोटी डॉलर ओतण्यात आले. पुढे एकूण खर्च सुमारे ७०० कोटी डॉलरवर गेला. अत्यंत मागे पडलेल्या शाळेला वर्षाला २० लाख डॉलरपर्यंत रक्कम, पुन्हा तीनच वर्षे, मिळू शकत होती. अट अशी, की चारपैकी एक मार्ग पत्करायचा : मुख्याध्यापक आणि निम्मे तरी शिक्षक बदलणे, मुख्याध्यापक बदलून शिक्षकांच्या मूल्यमापनाची व अध्यापनाची पद्धत बदलणे, शाळा दुसऱ्या व्यवस्थापनाकडे सोपवणे, किंवा ती बंद करणे. अशा शाळांना वर कसे काढावे याविषयी एक मार्गदर्शिका खुद्द अमेरिकी शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २००८ साली, म्हणजे एकच वर्ष आधी, प्रसिद्ध केली होती. तीत प्रत्येक शिफारशीपुढे पुराव्याची पातळी ‘कमी’ अशी स्वच्छ नोंदवलेली होती.

२०१२ साली शिक्षण खात्याने पहिले आकडे जाहीर केले. अनुदान मिळालेल्या शाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश शाळा पुढे सरकलेल्या दिसत होत्या. मग योजना यशस्वी झाली म्हणायची का?

हे तपासण्यासाठी शिक्षकांनी आपल्याच वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणारी दहा मुले वेगळी काढा. त्यांच्यासाठी वेगळे काहीही करू नका. दुसऱ्या चाचणीत याच दहा जणांची सरासरी काढा. वर्गाच्या सरासरीच्या तुलनेत ती बहुधा वर आलेली दिसेल. कारण तळाच्या दहांत काही मुले खरोखर मागे असतात, तर काहींना त्या दिवशी ताप असतो, कोणी नेमका तोच धडा वाचलेला नसतो. पुढच्या वेळी ताप नसतो आणि गुण आपोआप वाढतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. दरम्यान कोणी त्या मुलांना एखादे टॉनिक दिले असते, तर सगळे श्रेय टॉनिकला गेले असते. तळाच्या शाळा निवडून त्यांना अनुदान दिले की हाच भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून ‘आधी आणि नंतर’ ही तुलना पुरेशी नसते; ज्यांना अनुदान मिळाले नाही अशा तशाच शाळाही शेजारी ठेवाव्या लागतात.

जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी मूल्यमापनाने नेमके हेच केले. आपल्याकडे ३५ गुणांचा विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि ३४ चा अनुत्तीर्ण. पण दोघांच्या तयारीत फारसा फरक नसतो. त्याचप्रमाणे अनुदानासाठी पात्रतेच्या रेषेच्या किंचित अलीकडच्या आणि किंचित पलीकडच्या शाळांची तुलना केली गेली. निष्कर्ष असा, की वाचन, गणित, शालान्त उत्तीर्णता आणि महाविद्यालयीन प्रवेश यांपैकी कशावरही अनुदानाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही.

यावरून ‘पैशाने काही होत नाही’ असे म्हणणे घाईचे ठरेल. परिणाम लहान असता, तर तो या पद्धतीने हाती लागणे कठीण होते. शिवाय कॅलिफोर्नियातील शाळांच्या आणि सॅन फ्रान्सिस्को शहरातील शाळांच्या स्वतंत्र अभ्यासांत सुधारणा दिसली आहे. मग खरा प्रश्न असा, की काही ठिकाणी जमले ते कशामुळे? सर्वांना चार ठरीव मार्ग देणाऱ्या योजनेने हा प्रश्न विचारायची सोयच ठेवली नव्हती. ‘कोणता नमुना चालतो’ एवढेच विचारले गेले. ‘कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या हातून चालतो’ हे राहून गेले. शिक्षक हा या प्रयोगातला सहकारी असायला हवा. इथे तो बदलायचा सुटा भाग ठरला.

२०१० साली सुरू झालेली एक योजना मात्र अधिक शहाणपणाची होती. तिच्यात पुरावा जितका भक्कम तितके अनुदान मोठे, आणि प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन सक्तीचे. तपासल्या गेलेल्या ६७ प्रकल्पांपैकी १२ प्रकल्पांत मुलांच्या अभ्यासावर चांगला परिणाम स्पष्ट दिसला. हा आकडा निराशाजनक वाटेल. आम्हाला तो प्रामाणिक वाटतो. प्रयोगशाळेतही बहुतेक कल्पना फसतात. फसलेल्या कल्पना मोजून जाहीर करता येतात, म्हणून तर उरलेल्यांवर विश्वास ठेवता येतो.

अमेरिकेकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच : ७०० कोटी डॉलर खर्चून परिणाम दिसला नाही, हे तिथल्या सरकारने स्वतःच्या अहवालात छापले. दुर्दैवाने २०२५ च्या फेब्रुवारीत याच शिक्षण संशोधन संस्थेचे अनेक करार रद्द करण्यात आले आणि मार्चमध्ये तिच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा निर्णय झाला. योजना चुकल्या तर त्या दुरुस्त करता येतात. मोजपट्टीच मोडली तर चूक झाली हेही कळत नाही.

आपल्या शाळांतही नवे उपक्रम परिपत्रकांतून येतच असतात. ‘संशोधनाने सिद्ध’ असे लिहिलेला उपक्रम पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. तुलना कोणाशी केली होती? परिणाम दिसायला किती वर्षे लागली, आणि पैसा किती वर्षे मिळणार आहे? अनुदान संपल्यावर हे काम कोण करणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे योजना आखणाऱ्यांनी दिली पाहिजेत. तिसऱ्याचे उत्तर बहुधा ‘तुम्हीच’ असे येईल, आणि म्हणूनच योजना आखतानाही शिक्षकांना विचारले गेले पाहिजे.