सूर्या बोनाली आणि पाच विरुद्ध चार

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी मला तोच व्हिडिओ पाठवतं. १९९८ चं नागानो हिवाळी ऑलिम्पिक. फ्रान्सची सूर्या बोनाली बर्फावर मागच्या मागे हवेत कोलांटी घेते, एका पायावर उतरते आणि तशीच पुढे सरकत जाते. खाली ठरलेला मजकूर: कृष्णवर्णीय म्हणून परीक्षकांनी हिला कधीच जिंकू दिलं नाही, म्हणून तिने त्यांच्यासमोर बंदी असलेली उडी मारली. अंगावर काटा येतो. मलाही येतो. पण तुम्ही पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हे वाक्य माझ्यासोबत जरा उसवून बघा. त्यात एक निकाल, एक कारण आणि एक हेतू असं तिन्ही कोंबलंय, आणि तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो.

‘कधीच जिंकू दिलं नाही’ हे तर सरळ चूक. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं ती युरोपची विजेती होती. फ्रान्सचं राष्ट्रीय अजिंक्यपद नऊ वेळा. मात्र जागतिक स्पर्धेत १९९३, १९९४, १९९५ तिन्ही वेळा रौप्य, आणि तीन ऑलिम्पिकमध्ये पाचवी, चौथी, दहावी. आता गंमत बघा, एवढं सांगितलं की दुसरी बाजू लगेच म्हणते, ‘म्हणजे भेदभाव नव्हताच! देबी थॉमस नाही का १९८६ मध्ये जगज्जेती झाली?’ एकीला मिळालं म्हणून दुसरीला अडवलं नसेल, हे कुठल्या तर्कात बसतं?

खरा पेच १९९४ च्या जागतिक स्पर्धेचा. ठिकाण जपानमधलं चिबा. बोनाली आणि यजमान देशाची युका सातो यांची बरोबरी झाली आणि सुवर्ण पाच विरुद्ध चार अशा मतांनी सातोला गेलं. बोनाली आधी पोडियमवर चढेना. चढवल्यावर तिने गळ्यातलं पदक काढलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हा प्रसंग सगळीकडे पुरावा म्हणून येतो. पण कशाचा? नऊपैकी एका परीक्षकाचं मत फिरलं असतं तर निकाल उलटला असता. इतक्या अटीतटीच्या एकाच निकालातून पूर्वग्रह सिद्ध होत नाही, आणि तो नव्हता हेही सिद्ध होत नाही.

मला स्वतःला मोजपट्टीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तेव्हा सहापैकी दोन गुण असायचे, एक तंत्राचा, एक सादरीकरणाचा. बेरजेवरून प्रत्येक परीक्षक स्पर्धकांचा क्रम लावायचा. फ्री स्केटमध्ये बेरीज सारखी आली तर सादरीकरणाचा गुण वरचढ ठरायचा. बोनालीच्या उड्या ताकदीच्या, पण काही पूर्ण फिरायच्या नाहीत, पायांचं कामही साधं, ही टीका खोटी नव्हती. ते तपासता येतं, चित्रफीत थांबवून मोजता येतं. ‘डौल नाही’ हे कसं मोजणार? डौल म्हणजे काय, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर कुठल्या प्रकारचं शरीर होतं? पूर्वग्रह असेल तर तो गुण देणाऱ्याच्या मनात असण्याआधी निकषातच मुरलेला असू शकतो. ‘तिचं तंत्र कमी पडलं की वंशभेद झाला?’ असा प्रश्न टाकणारे इथेच फसतात. हे दोन पर्याय एकमेकांना छेद देत नाहीत.

मग पूर्वग्रह पकडायचा कसा? एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षकांचं राष्ट्रीयत्व घेतलं आणि ते आपल्या देशाच्या खेळाडूला इतर परीक्षकांच्या तुलनेत किती झुकतं माप देतात ते भरपूर कामगिऱ्यांवर ताडून पाहिलं. झुकतं माप सापडलं. तिथे तुलना होती. बोनालीच्या गोष्टीत एकच नायिका आहे, आणि ती हरली म्हणूनच आपण तिला निवडलंय.

आता एक जरा बोचणारी गोष्ट. सुरुवातीच्या काळात तिचा जन्म रियुनियन बेटावरचा म्हणून छापून यायचं. जन्म प्रत्यक्षात नीसचा. बेट जास्त ‘परदेशी’ वाटतं म्हणून ते सांगितलं, असं तिचे प्रशिक्षक दिदिए गायागे यांनी नंतर कबूल केलं. (सूर्या हे नाव मात्र खरंच संस्कृत, दत्तक घेणाऱ्या आईवडिलांनी दिलेलं.) माझ्या पहिल्या प्रकरणात एका विधानाला चार संदर्भ होते. मुळाशी गेल्यावर चौघांनीही एकच मुलाखत उचललेली निघाली. गाईडने काही न बोलता तीन खोडले. ते प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.

आणि उडीमागचा हेतू? १९९६ मध्ये तिची टाचेमागची शीर तुटली होती, नागानोत पदक हातातून निसटलं होतं आणि हौशी खेळाडू म्हणून ही तिची शेवटची स्पर्धा होती. कोलांटीवर १९७६ च्या ऑलिम्पिकनंतर बंदी आली होती. तिने नंतरच्या मुलाखतींत आपली बाजू सांगितलीय, ती ऐकाच. पण ती तारखेसकट नोंदवा. चोवीस वर्षांच्या मुलीने त्या क्षणी केलेली गोष्ट आणि पुढे कित्येक वर्षांनी तिने तिचा लावलेला अर्थ, ही दोन वेगळी साधनं आहेत.

२०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने ती बंदी उठवली. अशा उड्या प्रेक्षणीय असतात, त्या बेकायदा ठेवण्यात आता अर्थ नाही, एवढंच कारण दिलं. व्हिडिओ पुन्हा आलाय माझ्याकडे. या वेळी खाली लिहिलंय, ‘अखेर न्याय मिळाला.’