एकटा प्रवासी आणि मूक पाषाण

मराठी प्रवासवर्णनांत एक दिवस पुन्हा पुन्हा येतो. लेखक सकाळी एकटाच निघतो, डोंगर चढतो, भग्न लेण्यांत दिवसभर हिंडतो आणि संध्याकाळी काळाच्या अगाधतेवर दोन परिच्छेद लिहून खाली उतरतो. मधल्या वेळात त्याला ‘अनामिक शिल्पकारांचे हात’ आठवतात, ‘मूक पाषाण’ गहिवरून टाकतात. अभिजन समीक्षेने अशा लेखनाला ललित गद्याचा मानदंड ठरवले. वर्गात उभे राहून आम्हीही तेच शिकवत आलो. या दिवसाची एकदा तपासणी व्हायला हवी.

हा दिवस मी स्वतः करून पाहिला. एका रविवारी मळवलीला उतरलो आणि कार्ल्याचा डोंगर चढलो. पिशवीत भाकरी होती आणि शिलालेखांच्या वाचनाची टिपणे उतरवलेली वही. पायऱ्यांवर फुले-नारळ विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. एकवीरेच्या दर्शनाला आलेली कोळी कुटुंबे लेकराबाळांसह वर निघाली होती. लेण्याच्या दारात रखवालदार होता. मग प्रवासवर्णनातला लेखक इथे ‘एकटा’ कसा होतो? उत्तर सोपे आहे. जी माणसे त्याच्या हिशेबात नाहीत, ती वजा केली की तो एकटा उरतो!

जी वजाबाकी तो जिवंत माणसांची करतो, तीच मेलेल्यांचीही करतो. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तिथे आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. दारापाशी त्याच गावच्या एका सुताराचे नाव आहे: सामी, वेणुवासाचा मुलगा. घराचे मुख त्याने केले, असे तो लेख सांगतो. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचेही नाव आहे. अनेकांनी नावाबरोबर गाव किंवा धंदा सांगितला आहे. हे हात अनामिक कुठे आहेत? पाषाण मूक नाहीत, प्रवासी निरक्षर आहे. आणि ही निरक्षरता त्याच्या सोयीची आहे. पाषाण बोलू लागले तर त्याच्या स्वतःच्या हळहळीला जागा उरणार नाही.

नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने 3000 कार्षापणांची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. 2000 वर महिना शेकडा एक आणि 1000 वर पाऊण, असा व्याजाचा दरही दिला आहे. म्हणजे राजघराण्याने पैसा विणकरांच्या हवाली केला होता. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी भेटते. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर पूर्णघट कोरलेली एक शिळा आहे. ती देणारा विधिक हा चर्मकार होता आणि त्याचा बाप नाग हा उपाध्याय. चर्मकार आणि उपाध्याय हे दोन शब्द एका घरात नांदताना ज्याला दिसतात, त्याने पुढच्या दोन हजार वर्षांना जाब विचारला पाहिजे. आमच्या प्रवासवर्णनांनी हा जाब विचारलेला नाही.

माझ्या वडिलांचे नाव आयुष्यात तीन-चारदाच कागदावर आले, तेही अंगठ्याशेजारी. त्यामुळे सामी सुताराच्या अक्षरांसमोर मी उभा राहिलो तेव्हा मला हळहळ वाटली नाही. हिशेब सापडल्यासारखे वाटले.

एकट्याने हिंडण्याचे हे सुखही सर्वांना सारखे मिळालेले नाही. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सुमारे तीस सहकारी दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ झटकावी म्हणून त्यांनी दारापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून गलका झाला. शेवटी आत सोडले ते पाण्याला कुठेही हात न लावण्याच्या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. भग्नावशेषांत हिंडण्याचे असेही एक वर्णन आहे. आमच्या पाठ्यपुस्तकी मानदंडात ते बसत नाही, यातच त्या मानदंडाचे मोल कळते.

पण आपल्याही लेखणीला एक प्रश्न विचारतो. लेण्यांवर लिहिताना आपण पुष्कळदा नुसती सुवर्णयुगाची आरती करतो. कार्ल्याच्याच लेखात उषवदात भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव देऊन टाकतो. त्या गावात नांगर धरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथे नाही. नाव कोरले गेले ते दान देण्याइतके गाठीला असलेल्यांचे. विधिकाची एक शिळा सापडली म्हणून त्या काळी विषमता नव्हतीच, असे सिद्ध होत नाही. माणसाचा धंदा आणि त्याची अप्रतिष्ठा यांची गाठ सर्वत्र आणि सदैव बांधलेली नव्हती, एवढे सिद्ध होते. आणि एवढे पुरेसे आहे. माणसांनी बांधलेली गाठ माणसांना सोडता येते.

संध्याकाळी उतरताना फुलवाल्या बाईने विचारले, “काय लिवलंय वो भाऊ खांबावर?” मी पायरीवर बसून तिला नावे वाचून दाखवली. सुताराच्या नावाशी ती थांबली आणि म्हणाली, “पुन्यांदा वाचा.”

आमच्या प्रवासवर्णनाची सुरुवात इथून व्हावी.